पाईप घेताना आधी भोक बघा

मागच्या अंकात अडगळीतल्या जुन्या वस्तूंवर लिहिताना तंबाखूच्या पाईपचा एका ओळीत उल्लेख केला होता, तर त्यावर एवढी पत्रं आणि व्हॉट्सअप आले की या वेळचं अख्खं पान त्यालाच देतोय. आधीच सांगून टाकतो, मी स्वतः पाईप ओढायचं सोडून आठ वर्षं झाली, डॉक्टरांनी डोळे वटारले तेव्हाच, पण पाईप साफ करायचा नाद काही सुटला नाही, त्यामुळे जळगावात ओळखीपाळखीत कुणाकडे जुना पाईप निघाला की तो फिरत फिरत माझ्या टेबलावर येतो. तीन शब्द लक्षात ठेवा म्हणजे पुढचं कळेल. तंबाखू भरतो ती वाटी म्हणजे बाऊल, वाटीला जोडलेली लाकडाची मान म्हणजे शँक, आणि तोंडात धरतो ती काळी नळी म्हणजे स्टेम.

प्रश्न: दादा, आमचे आजोबा भुसावळला रेल्वेच्या लोकोत होते. जुनं घर पाडायला घेतलं तेव्हा त्यांच्या पत्र्याच्या पेटीत एक पाईप सापडला. स्टेम हिरवट-पिवळी पडलीये, आत कोळसा इतका साचलाय की करंगळी जात नाही, वासाचं तर विचारूच नका. शँकला चांदीची रिंग आहे, तिच्यावर बारीक शिक्के आहेत. बायको म्हणते भंगारात द्या. साफ होईल का?
– रिटायर्ड गार्ड, भुसावळ

उत्तर: वहिनींना म्हणा भंगारवाल्याला परत पाठवा, निदान चार दिवस तरी. आधी रिंगेवरचे शिक्के भिंगातून बघा. चालणारा सिंह दिसला तर इंग्लंडची स्टर्लिंग चांदी, शेजारी नांगर असेल (जहाजाचा, शेतातला नव्हे) तर बर्मिंगहॅमला तपासलेली, बिबट्याचं तोंड असेल तर लंडनला, आणि एक सुटं अक्षर असतं त्यावरून साल निघतं. आपल्या सराफ बाजारात हॉलमार्क हा शब्द आत्ता कुठे घरोघरी पोचला, लंडनचा बिबट्या 1300 सालापासून चालू आहे. वीणेसारखं वाद्य दिसलं तर डब्लिन, मग पीटरसनचा पाईप असायची शक्यता धरा, ती कंपनी 1865 पासूनची. पण नुसत्या निकेलवरही शोभेचे शिक्के मारायची पद्धत होती, म्हणून एकदा सराफाला दाखवा. आणि रिंग पॉलिश पेपरने घासू नका, शिक्का गेला की ओळख गेली.

आता सफाई. स्टेम हिसडा मारून काढू नका. इतक्या वर्षांचं चिकट डांबर आत गोंदासारखं बसलेलं असतं, जोर लावला की शँक उभी चिरते. पाईप प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा, मग बाऊल न धरता शँक मुठीत धरून स्टेम घड्याळाच्या काट्याच्या दिशेने हळूहळू फिरवत बाहेर घ्या. नाही आली तर परत फ्रीजर. मी एकदा दोन दिवस हा खेळ केलाय.

बाऊलमधला कोळसा काढायचं खास हत्यार मिळतं, रीमर, पण एका पाईपसाठी घेऊ नका. बोटाएवढ्या लाकडी दांड्याला 80 नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळा आणि आत फिरवा. टोकदार चाकू घालायचा नाही, खाली धुराचं भोक असतं तिथे ओरखडा पडतो आणि भोक मोठं होतं. रोजच्या वापरातल्या पाईपमध्ये रुपयाच्या नाण्याएवढा जाड थर ठेवतात, त्याने लाकडाला जाळ लागत नाही, पण तुमचा पाईप किती वर्षं पडून आहे कुणास ठाऊक, म्हणून पार लाकडापर्यंत काढा आणि टॉर्च मारून बघा. भिंतीवर बारीक जाळीसारख्या रेघा असतील तर घाबरू नका, एखाद्या जागी लाकूड भुसभुशीत लागलं आणि नखाने दाबलं तर आत जातंय असं झालं, तर ते जळून पोकळ झालंय. मग तो पाईप काचेच्या कपाटात ठेवा, पेटवू नका.

वासाचं औषध म्हणजे अल्कोहोल. परदेशातले लोक बाऊलमध्ये जाडं मीठ भरून त्यात अल्कोहोल ओततात, पण मीठ शँकमध्ये उतरलं तर ती तडकल्याच्याही तक्रारी आहेत, आणि आपण तर खान्देशातले, आपल्याला कापसाला काय तोटा? फक्त शेतातला किंवा जिनिंगमधला कच्चा कापूस घेऊ नका, त्याच्या धाग्यावर नैसर्गिक मेण असतं, तो शोषत नाही. मेडिकलमधला पांढरा सर्जिकल कापूस घ्या, तो धुऊन मेण काढलेला असतो. बाऊल कापसाने सैलसर भरा, देवासाठी वात वळतो तशी एक लांब वात वळून शँकमध्ये सारा, आणि सुई काढलेल्या सिरिंजने आयसोप्रोपिल अल्कोहोल थेंब थेंब सोडा, काठाच्या जरा खालीपर्यंत कापूस भिजला की थांबा. हे अल्कोहोल मोबाईल रिपेअरवाल्यांकडे असतं, ते आयपीए म्हणतात, मदरबोर्ड त्यानेच पुसतात. सॅनिटायझर चालणार नाही, त्यात सेंट असतो, आणि रंगाच्या दुकानातलं डिनेचर्ड स्पिरिट तर अजिबात नको, त्यात विषारी मेथॅनॉल असू शकतं. रात्रभर ठेवा. देवघरातल्या समईपासून आणि गॅसपासून लांब ठेवा बरं का, हे पेट्रोलसारखं पेट घेतं. सकाळी कापूस चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी झालेला दिसेल. नवा कापूस, परत रात्र. माझ्याकडे एक पाईप होता त्याला पाच रात्री लागल्या, सहाव्या दिवशी कापूस पांढरा निघाला तेव्हा घरच्यांना उगाचच बोलावून दाखवला. मग सावलीत आठवडाभर वाळू द्या. उन्हात नको, भुसावळचं मे महिन्यातलं ऊन लाकूड फाडतं.

स्टेमचा हिरवा रंग म्हणजे बुरशी नाही. ती व्हल्कनाईटची आहे, म्हणजे रबरात गंधक घालून कडक केलेलं, टायरचंच चुलत भावंड, आणि उजेड-हवेने ते गंधक वर येतं. घासताना सडक्या अंड्यासारखा वास येईल तो त्याचाच. गाड्यांचं पेंटिंग करतात त्यांच्याकडचा वॉटर पेपर घ्या, 400 पासून सुरू करून 600, 1000, 2000 असं चढत जा, पाण्यात बुडवून घासा. स्टेमवर कंपनीचा ठसा किंवा पांढरा ठिपका असेल तर त्यावर व्हॅसलिन लावून ती जागा सोडा. शँकला जिथे चिकटते ती कडा घासताना मध्ये प्लास्टिकचा वॉशर घाला, नाहीतर कडा गोल होते आणि जोडावर कायमची फट दिसते. शेवटी मेडिकलमधलं लिक्विड पॅराफिन लावून पुसून घ्या. दातांचे खळगे असतील तर ती जागा लायटरच्या ज्योतीवरून झर्रकन फिरवा, थांबायचं नाही, व्हल्कनाईट गरम झालं की आपल्या मूळ आकाराकडे परत जातं आणि खळगा बऱ्यापैकी भरून येतो. ॲक्रिलिकच्या स्टेमला ही अक्कल नसते.

आणि एक, चमक यावी म्हणून सराफाच्या बफिंग मशीनवर नेऊ नका. मी नेला होता, ओळखीच्या कारागिराकडे, हौसेने म्हणलं मीच धरतो. चाकाने स्टेमची कड पकडली आणि हातातून हिसकावून अशी भिरकावली की समोरच्या भिंतीवर आपटून दातात धरायचं टोक उडालं. वर दागिन्यांची लाल पावडर लाकडाच्या रेषांमध्ये जाऊन बसली, ती आजही तिथेच आहे.

प्रश्न: सर, मला पहिला पाईप घ्यायचाय. ऑनलाईन सहाशे रुपयांत 'ओरिजिनल ब्रायर' दिसतोय, रिव्ह्यू चांगले आहेत. घेऊ का? फिल्टरवाला घेऊ की साधा? (वय 26, उगाच गैरसमज नको.)
– आयटीवाला, जळगाव

उत्तर: वय सांगितलंस ते बरं केलंस, अठराच्या आतल्याला तंबाखू विकणं 2003 च्या कायद्याने गुन्हा आहे आणि मीही उत्तर दिलं नसतं. ओढत नसशील तर माझं खरं मत 'घेऊ नको' हेच आहे. ओढतोसच तर ऐक.

सहाशेत ब्रायर येत नाही भाऊ. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राच्या काठच्या डोंगरात एक झुडूप उगवतं, एरिका आर्बोरिया, त्याच्या मुळाशी जमिनीत धरलेली गाठ. ती गाठ खणून काढतात, कापून तासन् तास उकळतात, मग महिनोन् महिने वाळवतात, तेव्हा कुठे पाईपचा ठोकळा होतो. घट्ट असते, ताप सोसते आणि ओल पिते, म्हणून फ्रान्समधल्या सेंट क्लॉड गावाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून त्यावर अख्खा धंदा उभा केला. तुला सहाशेत जे येईल ते शिसम किंवा असंच काहीतरी असेल, वर जाड लाखेचा किंवा लॅकरचा थर. मी असा एक मागवला होता, नाव नाही सांगत विकणाऱ्याचं, बाऊलच्या आतसुद्धा रंग मारलेला होता. आत रंग किंवा वार्निश असेल तर तो धुरातून तुझ्या पोटात जाणार, सरळ परत कर. आतून काळी, मॅट, काजळीसारखी कोटिंग असते ती वेगळी, ती कार्बनची, ती चालते.

दुकानात हातात मिळाला तर नाव नंतर वाच, आधी भोक बघ. टॉर्च मारून बाऊलच्या तळाशी बघ, धुराचं भोक बरोबर तळाला आणि बरोबर मध्ये उघडलं पाहिजे. वर असेल तर खाली ओला तंबाखू कायम राहणार आणि पाईप हुक्क्यासारखा गुरगुरणार. मग तोंडाकडून पाईप क्लीनर (धागे गुंडाळलेली बारीक तार) घाल, सरळ पाईपमध्ये तो न अडता बाऊलमध्ये निघाला पाहिजे, वाकड्यात थोडा अडला तर चालतं. रिकामाच ओढून बघ, शिट्टी वाजायला नको, जोर लागायला नको. बाऊलची भिंत पेन्सिलीएवढी तरी जाड हवी. बाहेरून लाकडातले खळगे बुजवलेल्या पुट्टीचे बारीक ठिपके दिसले तर फक्त दिसण्याचा प्रश्न आहे, भाव कमी करून माग. ही चार कामं पाच मिनिटांची आहेत आणि नावाजलेल्या कंपनीचा पाईपसुद्धा यात नापास होताना मी पाहिलाय.

फिल्टरचं म्हणशील तर 9 मिलिमीटरच्या फिल्टरचा पाईप घेतलास तर फिल्टर संपल्यावर जळगावात कुठे शोधत फिरणार? आणि फिल्टर न घालता ओढलास तर आत पोकळी राहते, तिथे पाणी साचतं. साधा घे. फिल्टरमुळे तंबाखू निर्धोक होतो ही समजूत तर डोक्यातून काढूनच टाक. सुरुवातीला मक्याच्या कणसाचा पाईप स्वस्तात मस्त, त्याचं पुढे एका पत्रात आलंच आहे. आणि क्लीनर घेताना शाळेच्या क्राफ्टवाल्या रंगीत तारा घेऊ नको, त्यांचे धागे सिंथेटिक असतात, काही शोषत नाहीत.

प्रश्न: आमच्या ह्यांनी मुंबईच्या चोर बाजारातून कुणाचातरी वापरलेला पाईप आणलाय. मला तर किळस येते. दुसऱ्याचं उष्टं तोंडात घालणं बरं का? आणि ते म्हणतात की पाईप सिगरेटसारखा वाईट नसतो, धूर आत घेत नाहीत. खरं आहे का?
– एक ताई, अमळनेर

उत्तर: उष्ट्याचं म्हणाल तर वर भुसावळच्या दादांना सांगितलं तसं अल्कोहोलने साफ केला, स्टेम घासली, की हॉटेलातल्या चमच्यापेक्षा स्वच्छ होतो, त्याची काळजी सोडा. दुसऱ्याचं उत्तर मात्र भाऊंना आवडणार नाही. धूर छातीत घेतला नाही तरी ओठ, जीभ, तोंड, घसा यांच्या कॅन्सरचा धोका राहतोच, फुप्फुसाचाही राहतो, आणि घरात ओढला तर तुमच्या आणि मुलांच्या नाकात जातोच. गच्चीवर पाठवा. हा मजकूर कापून फ्रीजवर लावला तरी माझी हरकत नाही.

प्रश्न: नवा पाईप घेतला, दुकानदार म्हणाला आतून मध लावा आणि मग पेटवा. एक मित्र म्हणतो ब्रँडी लावा. मी काहीच न लावता ओढला तर बाऊल इतका तापला की हातात धरवेना आणि जीभ सोलल्यासारखी झालीये. काय चुकलं?
– धुळे

उत्तर: मधामागची कल्पना अशी की साखर जळून भिंतीवर कोळशाचा थर लवकर धरतो. पण थर धुराने आपसूक धरतोच, मधाने पाईपपेक्षा मुंग्यांचं जास्त भलं होतं, माझ्या कपाटात रांग लागली होती. ब्रँडीचं तुमचं तुम्ही बघा. बोट पाण्यात बुडवून आतून नुसतं ओलं केलंत तरी पुरे.

चुकलं ते घाईत. पहिल्या चार-पाच वेळा बाऊल एक तृतीयांशच भरा, मग तितक्याच वेळा अर्धा, मग पूर्ण. कारण थर खालून वर यायला हवा, आणि बहुतेक लोक पहिल्या दिवसापासून काठोकाठ भरतात, अर्धा ओढून टाकून देतात, मग वरती जाड थर आणि तळ कोरा, आणि तळच आधी जळतो. बाऊल गालाला लावून बघा, चटका बसला तर खाली ठेवा, विझला तर विझू द्या, परत पेटवायला कोण नाही म्हणतंय. जीभ सोलते ती गरम वाफेने, म्हणजे तंबाखू ओला होता. पावसाळ्यात दहा मिनिटं पंख्याखाली कागदावर पसरा, उन्हाळ्यात उलटं, धुळ्याच्या हवेत त्याचा पापड होतो, तेव्हा डबा घट्ट लावा. चिमटीत दाबून सोडला की फुलला पाहिजे, चिकटला तर ओला, चुरा झाला तर कोरडा.

ओढून झालं की गरम असताना स्टेम काढायची नाही. माझ्या पहिल्या चांगल्या पाईपची शँक मी अशीच चिरली, बस पकडायची घाई होती, पाईप खिशात मावावा म्हणून दोन तुकडे करायला गेलो. गार होऊ द्या, क्लीनर फिरवा, आणि एक दिवस सुट्टी द्या. आणि गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका.

प्रश्न: सूनबाई तुर्कस्तानला गेली होती, तिकडून पांढराशुभ्र कोरीव पाईप आणला. त्याला समुद्राचा फेस म्हणतात म्हणे. हा आपला काष्टौषधीच्या दुकानातला समुद्रफेस का? आणि हाही स्पिरिटने साफ करायचा का?
– नंदुरबार

उत्तर: नावाने फसलात काका. त्याचं नाव मीरशॉम, जर्मन शब्द आहे, अर्थ समुद्राचा फेस हाच, पण ते खनिज आहे, तुर्कस्तानात एस्किशेहिर भागात जमिनीतून खणून काढतात. दुकानातला समुद्रफेस म्हणजे समुद्रातल्या एका माखलीसारख्या जिवाच्या पाठीतलं हाड. दोन्ही पांढरे आणि हलके, नातं तेवढंच. स्पिरिट लावू नका, आत कोळशाचा थरही धरू देऊ नका, प्रत्येक वेळी मऊ कापडाने आतून पुसून घ्या. वापरत गेलात तर काही वर्षांत पांढऱ्याचा मधासारखा पिवळा आणि मग तपकिरी होतो, लोक त्या रंगासाठीच घेतात. गरम असताना हातांनी चोळू नका, डाग पडतात. खाली पडला तर कपबशीसारखा फुटतो, नातवंडांपासून जपा.

प्रश्न: भाऊ, आमच्याकडे मका भरपूर. अमेरिकेत कणसाचा पाईप करतात असं मोबाईलवर पाहिलं. दाणे काढलेली कणसं आम्ही तर चुलीत घालतो. घरी करून बघू का? की सागाचा खरादीकडून करून घेऊ?
– शेतकरी, शिरपूर

उत्तर: सागाचं सोडा, त्यात तेल असतं, पेटला की तोंडात सुतारखाना. कणसाचं मात्र करून बघण्यासारखं आहे. अमेरिकेत मिसुरी राज्यात वॉशिंग्टन नावाचं छोटं गाव आहे, राजधानी ती वेगळी, तिथे हेन्री टिबी नावाच्या डच सुताराने 1869 मध्ये कणसाचे पाईप करायला सुरुवात केली. त्याची युक्ती अशी की कणसाला बाहेरून प्लास्टर ऑफ पॅरिस चोपडून वाळवायचं, मग घासून गुळगुळीत करायचं, म्हणजे दाण्यांचे खळगे बुजतात. 1878 ला त्याला त्याचं पेटंट मिळालं आणि कंपनी आजही चालू आहे.

अडचण तुमच्या बियाण्यात आहे. आपलं हायब्रीड दाणा मोठा आणि कणीस बारीक असंच निवडत आणलेलं, पाईपवाले उलट जाड आणि टणक कणसाची वेगळी जात लावतात. तेव्हा ढिगातलं सगळ्यात जाड, अंगठ्याने दाबलं तर न दबणारं कणीस निवडा, मधला मऊ गाभा कोरताना तळाला दोन बोटं जाडी ठेवा, बाजूने आतल्या तळाला लागून भोक पाडून बांबूची किंवा बोरूची नळी बसवा. पहिले चार बिघडतील. आणि हिरवट ओलं कणीस घेऊ नका, ते लोक दोन वर्षं वाळवतात. तेव्हा यंदाच्या खळ्यातली दहा-बारा चांगली बाजूला काढा, माळ्यावर टांगा, उंदरांपासून जपा, बाकीची खुशाल चुलीत घाला. प्लास्टरचं प्रमाण विचारायला दोन दिवाळ्यांनी पत्र टाका.